कल्हईच्या पळीतला बिस्मथ

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक विद्युतचुंबक आहे. सगळे त्याला हत्ती म्हणतात. तांब्याच्या तारेची दोन जाडजूड वेटोळी, मध्ये बोटभर फट, आणि चालू केलं की घुमायला लागतं. दरवर्षी कोणीतरी शहाणा येतो आणि म्हणतो, "मॅडम, हे काढलं तर इथे चार कॉम्प्युटर बसतील." मी म्हणते, "मी रिटायर झाले की खुशाल बसवा. तोवर हात लावून तर बघा." भांडखोर बाई म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी कष्टाने मिळवली आहे.

त्या हत्तीच्या फटीत धरलेल्या धातूच्या एका कांडीची ही आठवण आहे, आणि ती कांडी बनवणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीची. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. जुन्या नाशकात राहायची. तिचे वडील कल्हईचं काम करतात. हल्लीच्या पोरांना कल्हई म्हणजे काय हे सांगावं लागतं, म्हणून सांगते: पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, खाणाऱ्याला बाधतं. म्हणून भांडं तापवून आतून कथलाचा पांढरा मुलामा द्यायचा. तो मुलामा म्हणजे कल्हई. स्टील आलं आणि हा धंदा बसला. आता पुन्हा लोकांना पितळ आठवायला लागलंय, केटरिंगवाल्यांचे मोठाले हंडे येतात, त्यावर त्या घराचं बरं चाललं होतं.

पोरगी हुशार, पण हुशार पोरं मी पोत्याने पाहिलीत. हिला ध्यास होता. दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेने तिला पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी निवडलं होतं, ते तिने लिहून पाठवलेल्या प्रयोगावर. मुलाखत आठवड्यावर आली होती. घरी अब्बांनी सरळ सांगितलं होतं: प्रयोग जमला आणि त्यांनी घेतलं तर जा. नाही तर इथेच बी.एड. कर, शाळेत लाग, रोज संध्याकाळी घरी ये. त्यात वाईट काही नव्हतं हो. तिला फक्त ते नको होतं.

प्रयोग सांगायला सोपा. धातूतून वीज जाते म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन धावतात. चुंबक जवळ आणलं की त्यांची वाट वाकते. वाट वाकली की पुढे सरकणं अवघड, म्हणजे धातूचा रोध वाढतो. पण ही वाढ नीट दिसायला धातू फार शुद्ध लागतो. का, ते मी वर्गात आमच्या नाशिकच्या द्वारका चौकावरून शिकवते. संध्याकाळी द्वारकेच्या जाममध्ये तुम्ही गाडीवर असाल, तर बाजूने कितीही वारा सुटू दे, तुम्हाला काय फरक पडतो? पावलोपावली ब्रेक. तीच गाडी मोकळ्या हायवेला न्या, मग तोच वारा तुम्हाला रस्त्याच्या कडेला ढकलतो. भेसळीचा धातू म्हणजे द्वारका. इलेक्ट्रॉन निघाला की आपटला, निघाला की आपटला, वाकायला त्याला सवडच नाही. शुद्ध धातूत, त्यातही तो थंडगार केलेला असेल तर, इलेक्ट्रॉन लांब पळतो आणि चुंबकाचं ऐकतो. तांब्यात हे बघायला आमच्यापेक्षा फार मोठं चुंबक लागतं आणि थंडीही फार जास्त. बिस्मथ मात्र गुणी आहे. आमच्या हत्तीसमोरसुद्धा त्याचा रोध कित्येक पट चढतो. अट एकच, त्यात दुसरं काही मिसळलेलं नको.

असा शुद्ध बिस्मथचा एक गोळा आम्ही खटपट करून मागवला होता. तो वितळवून त्याची कांडी ओतायची. नेमकी त्याच वेळी आमच्या भट्टीची तार जळाली. बिस्मथ वितळायला फार आच लागत नाही, घरच्या गॅसवरही वितळतो. मी तिला म्हणाले, "अर्धाच गोळा घे. कुठेही वितळव, पण भांडं स्वच्छ पाहिजे. बाहेरचा कणसुद्धा नको."

"माझ्याकडे आहे मॅडम तसं भांडं," ती म्हणाली आणि अशी हसली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दोन दिवसांनी कांडी घेऊन आली. काय देखणी कांडी! पेन्सिलीपेक्षा बारीक, सरळ, चांदीसारखी आणि थोडी गुलाबी झाक असलेली. मी आमच्या शिपायालाही बोलावून दाखवली.

मग राहिला नायट्रोजन. कांडी थंड करायला द्रव नायट्रोजन लागतो, आणि तो आम्हाला देतो एक पशुवैद्य. गायींच्या कृत्रिम रेतनाच्या नळ्या ते लोक त्यातच ठेवतात, त्यामुळे नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनपेक्षा गाईंची सोय आधी झालेली आहे. आम्ही दोघी त्याचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने निघालो आणि व्हायचं तेच झालं, द्वारकेला अडकलो. झाकणाच्या कडेने पांढरा धूर. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "ताई, काय पेटलंय का मागं?" ही म्हणते, "पेटलं नाही दादा, गारठलंय." त्याने अख्ख्या प्रवासात पुन्हा मागे पाहिलं नाही. कॉलेजला पोहोचेपर्यंत ती हसत होती, मीही.

दुपारी कांडी फटीत बसवली. चार बारीक तारा, दोन वीज सोडायला, दोन मोजायला. नायट्रोजन ओतला. आणि मी तिथेच मीटरच्या आकड्यावर वाकून बसले, कारण अजून चुंबक चालूही केलं नव्हतं आणि गडबड दिसत होती. शुद्ध धातू थंड केला की त्याचा रोध चांगला उतरतो. हा काही उतरायचं नाव घेईना.

"चुंबक लावूया ना मॅडम," ती म्हणाली. लावलं. हत्ती घुमला. आकडा जागचा किंचित हलला आणि बसून राहिला. आम्ही प्रवाह वाढवत गेलो, तारा तपासल्या, कांडी फिरवून बसवली. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही. कागदावर सपाट रेषा, नाशिक रोडच्या फलाटासारखी.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "धातूच खोटा दिला असेल का त्यांनी?"

"थांब," मी म्हटलं. "कशात वितळवलंस?"

"पळीत."

"कसल्या पळीत?"

"अब्बांच्या. मॅडम, एकदम स्वच्छ होती! मी त्यांना सांगितलं, माझ्या प्रयोगाला भांडं पाहिजे, त्यात कसलाच डाग नको. तर त्यांनी सगळी कामं बाजूला ठेवून पितळेची पळी घासली, आणि माझ्यासाठी नवीन..." आणि ती मध्येच थांबली. तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

नवीन कल्हई केली होती. मी कपाळावर हात मारून घेतला. कथील बिस्मथच्या आधी वितळतं. पळीत बिस्मथ पातळ व्हायच्या आत कल्हई पातळ झाली आणि बिस्मथने ती चाटूनपुसून पिऊन टाकली. बिस्मथमध्ये चिमूटभर कथील गेलं तरी त्याचा सगळा गुण जातो. लहानपणापासून जिला शिकवलंय की कल्हई म्हणजे सगळ्यात निर्मळ, तिच्या हातून दुसरं काय होणार? करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

मला खरं तर राग आला होता. तिचा नाही, सगळ्याचाच. जळालेल्या भट्टीचा, कथलाचा, माझा. मी म्हणाले, "रडू नकोस. अर्धा गोळा शिल्लक आहे. पुन्हा ओतू."

ती म्हणाली, "मॅडम, अब्बांना सांगू नका. माझ्या हातून चुकलं म्हणा, मशीन बिघडलं म्हणा, काही म्हणा. त्यांनी फार मनापासून केली होती ती पळी."

"बरं," मी म्हटलं. शब्द दिला म्हणायला हरकत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात हजर. पांढरा सदरा, बोटं काळी, हातात मिठाईचा पुडा. लेक तेव्हा लायब्ररीत होती. मला म्हणाले, "मॅडम, बेटी काही बोलत नाही, जेवत नाही. म्हटलं आपणच विचारून यावं. काम झालं ना? आमच्या पळीने साथ दिली ना?"

काय सांगू, मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण त्यांच्या त्या पुड्याकडे बघून माझं डोकंच फिरलं. "तुमच्या पळीनेच घात केला, भाई," मी म्हणाले. "कल्हई उतरली."

बोलले आणि कळलं काय बोलले ते. कल्हई करणाऱ्याला 'तुझी कल्हई उतरली' म्हणणं म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या कामाला कच्चं म्हणणं. त्यांनी पुडा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "माझी कल्हई उतरत नाही मॅडम." आवाज चढवला नाही, पण चेहरा उतरला.

मी त्यांना बसवलं. स्टुलावर बसवून सगळं सांगितलं, कथील कधी वितळतं, बिस्मथ कधी, आणि चांगल्यातली चांगली कल्हईसुद्धा पातळ बिस्मथपुढे का टिकणार नाही. ते ऐकत होते, पण त्यांना ते पटत होतं की नाही कळेना. तेवढ्यात लेक आली. तिने आमच्याकडे पाहिलं, पुड्याकडे पाहिलं आणि मला एवढंच म्हणाली, "मॅडम!" त्या एका शब्दाने मला जेवढं लागलं तेवढं कुणाच्या भांडणाने लागलेलं नाही.

अब्बा उठले. "पळी कुठंय?" ती तिच्या कपाटात होती. तिने आणून दिली. त्यांनी उजेडात धरली. जिथे बिस्मथ होता तिथे मधोमध पिवळं पितळ उघडं पडलं होतं आणि भोवती कल्हई अजून लखलखत होती. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मला वाटलं आता हा माणूस हिला हाताला धरून घरी नेणार, आणि संपलं.

"आपलेच दात, आपलेच ओठ," ते म्हणाले. मग लेकीकडे वळून, "मला का नाही सांगितलं? तीस वर्षं गिऱ्हाईकांचं ऐकून घेतो, तुझं ऐकलं नसतं?" आणि मग मला, "आता कशात वितळवायचं ते सांगा. आच मी देतो."

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

यावेळी काच. जाड काचेच्या नळीत उरलेला गोळा टाकून तोंड बंद केलं, धातूला काचेशिवाय काहीच शिवणार नाही असं. शिवाय मला तो हळूहळू गार व्हायला हवा होता, कारण सावकाश गोठला की त्याचे स्फटिक मोठे होतात आणि इलेक्ट्रॉनला तेवढी मोकळी वाट मिळते. आमच्याकडे भट्टी नव्हती. त्यांच्याकडे होती. आम्ही दोघी त्यांच्या दुकानात गेलो. कल्हईआधी तापल्या भांड्यात टाकतात त्या नवसागराच्या धुराने डोळे चुरचुरत होते. त्यांनी नळी सांडशीत धरून निखाऱ्यांवर फिरवत फिरवत धातू पातळ केला आणि मग गरम राखेच्या ढिगात उभी खुपसून दिली. "हिला आता सकाळपर्यंत कोणी हलवायचं नाही," त्यांनी दुकानात बजावलं. एका गिऱ्हाईकाचा हंडा त्या दिवशी तसाच राहिला.

सकाळी बघतो तर नळी तडकलेली! ती किंचाळलीच. मी म्हणाले, "अगं बाई, बिस्मथ गोठताना फुगतो, बर्फासारखा. शिकवलंय मी तुला, झोपली होतीस का?" काच सोलून काढली. आतली कांडी पहिलीसारखी देखणी नव्हती, जरा ओबडधोबड, पण तिचे मोठाले कण डोळ्यांना दिसत होते.

त्या दिवशी मोजायला अब्बाही आले. एरवी मी बाहेरच्या माणसाला मापनाच्या वेळी आत उभं करत नाही. त्यांना केलं. त्यांनी दारातच चपला काढल्या. मी म्हटलं, "अहो घाला, इथे पायाला काही लागेल," तर ऐकेनात.

नायट्रोजन ओतला. रोध उतरला. उतरत गेला. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस, लिही." मग हत्ती सुरू केला. आकडा चढायला लागला. थोडा प्रवाह वाढवला, आणखी चढला. दुप्पट झाला, तिप्पट झाला, आणि चुंबक जसं जोर धरत होतं तसा तो वरच चालला होता, थांबायची चिन्हं नव्हती. इतकी वर्षं मी हे पुस्तकातून शिकवत आले आणि माझ्या डोळ्यांसमोर इतकं स्वच्छ कधी झालं नव्हतं. मी सरळ ओरडले, "शाब्बास गं माझी वाघीण!" शिपाई धावत आला, त्याला वाटलं काही फुटलं.

अब्बा आकड्याकडे बघत होते. "हे काय मोजतंय?"

तिने त्यांना सांगितलं. द्वारका, हायवे, वारा, सगळं माझंच, पण माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि माझ्यावालं?"

"कोणतं?"

"कल्हईवालं. ते लाव."

तिने पहिली कांडी बसवली. हत्ती घुमला, आकडा ढिम्म. त्यांनी पुन्हा विचारलं, "चालू आहे ना?" चालू होतं. ते हसायला लागले. "बघा मॅडम. आमची कल्हई चुंबकालासुद्धा दाद देत नाही."

मुलाखतीसाठी तिने चित्रं तयार केली, त्यात फक्त चढती रेषा होती. सपाट रेषा तिने काढून टाकली. मी विचारलं तर म्हणाली, "मोठे लोक असतात मॅडम. बिघडलेला नमुना कशाला दाखवायचा? कथील कुठून आलं विचारलं तर काय सांगू?" तिला कशाची लाज वाटत होती ते मला समजलं. अब्बा तिला न्यायला आले होते, त्यांनाही ते समजलं असणार. ते म्हणाले, "गिऱ्हाईकाला आपण भांडं दाखवतो, तर अर्धं का ठेवतो कल्हईशिवाय? शेजारी शेजारी दिसल्याशिवाय कल्हई कळत नाही. माझी रेषा पण दाखव." तिने लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला.

मुलाखत ऑनलाइन होती. घराशेजारी दिवसभर ठोकाठोक, म्हणून ती माझ्या प्रयोगशाळेतच लॅपटॉप घेऊन बसली. मी कोपऱ्यात, कॅमेऱ्यात न दिसेन अशी. अब्बा बाहेर व्हरांड्यात बाकावर. पडद्यावर तिघं शास्त्रज्ञ. चढती रेषा आली, ते खुश दिसले. मग तिने पुढचं चित्र लावलं आणि त्यात दोन्ही रेषा होत्या. मला माहीत नव्हतं.

त्यांच्यातल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "ही खालची सपाट का?"

"त्यात कथील मिसळलं आहे."

"तुला कसं कळलं? तपासून घेतलंस?"

मी कोपऱ्यात पदर चावत होते. मग ती म्हणाली, "तपासायची सोय आमच्याकडे नाही. पण मला माहीत आहे, कारण ते कथील माझ्या वडिलांनी लावलं होतं. ते कल्हई करतात." आणि तिने कल्हई सांगितली. भांडं कसं तापवतात, नवसागर कसा टाकतात, कापसाच्या बोळ्याने कथील कसं फिरवतात, सगळं हात करून करून. ती विसरूनच गेली की मुलाखत आहे. पहिली कांडी थंड केल्यावरसुद्धा रोध का उतरला नाही, तिथेच आम्हाला कसं समजायला हवं होतं, तेही सांगितलं. तिघांतले एक म्हातारे गृहस्थ पुढे सरकून बसले होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझे वडील कमीजास्त कथील मिसळून देऊ शकतील? मग मधल्या रेषाही मिळतील आपल्याला."

"विचारते," ती म्हणाली. सगळे हसले, तीही हसली.

निकाल काही दिवसांनी मोबाइलवर आला. ती धावत माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी रिक्षाने तशाच दुकानात गेलो. घेतलं होतं तिला. मी दारातूनच ओरडून सांगितलं, "घेतलं हो भाई तुमच्या लेकीला!" शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. कोणीतरी पेढे आणायला पळालं.

अब्बा उठले नाहीत. हातातला हंडा त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. लेक त्यांच्यासमोर उभी, ते तिच्याकडे बघेनात. मला वाटलं, झालं, आता हे मागे फिरतात. माझी जीभ अशा वेळी थांबत नाही. "भाई, शब्द दिला होता तुम्ही," मी म्हणाले. "आता काय?"

"शब्द आहे," ते म्हणाले. डोळे भरले होते, आणि या वेळी ते नवसागराने नाही. "एकच विचारतो मॅडम. तिथलं चुंबक आपल्यापेक्षा मोठं असेल ना?"

"कितीतरी मोठं."

त्यांनी पहिल्यांदा लेकीकडे पाहिलं.

"मग जाऊ द्या तिला."